समुद्राकडची बाजू

माझ्या कामाला मराठीत नाव नाही. बँकेत नवीन खातं उघडायला गेले, तेव्हा 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहायचं यावर मी आणि समोरचा कारकून, दोघंही अडलो. मी म्हटलं, "इमारतींवर बाहेरून कुठे, कसले आणि कुठल्या रंगाचे दिवे लावायचे, ते मी ठरवते." त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि 'गृहिणी' लिहिलं. मी ते खोडायला लावलं, तर 'इलेक्ट्रिशियन' लिहिलं. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना होणाऱ्या विहीणबाईंनी विचारलं, "म्हणजे नाताळची लायटिंग?" मी म्हटलं, "तसंच. फक्त बारा महिने नाताळ."

आता गुडघे गच्चीचे जिने चढू देत नाहीत, म्हणून काम आवरतं घेतलंय. पण वसईहून विरारकडे संध्याकाळी रिक्षानं जाताना अजून माझी मान आपोआप वर होते. कुठला दिवा वाकडा बसलाय, कुठल्या इमारतीची एक पट्टी मेलीय, कोणी जांभळ्याशेजारी हिरवा लावून भिंत आजारी केलीय. शेजारी बसलेल्या बाईला वाटतं, म्हातारी चांदण्या मोजतेय.

हे वेड पप्पांकडून आलं. आमची वसईत केळीची आणि पानवेलीची वाडी. पप्पा शेतकरी, पण आमच्या चर्चच्या सणाला दिव्यांच्या माळा त्यांच्याकडे असायच्या. तेव्हा रंगीत बल्ब महाग. पप्पा साधे बल्ब आणून रंगीत लाखेत बुडवायचे आणि वाडीत दोरीवर वाळत घालायचे. लाल, हिरवे, निळे. मी त्यांच्या हाताखाली होते. एकदा मी घाईत लाख जाड लावली, तर बल्ब पेटल्यावर उजेडच बाहेर येईना. पप्पा म्हणाले, "रंग जास्त झाला की उजेड आत गुदमरतो." पुढे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, मुंबईत दिवे बनवणाऱ्या कंपनीत नकाशे काढण्याची नोकरी केली, आणि वसई-विरारला टॉवर उगवू लागले तशी स्वतःचं काम घेऊ लागले.

हे काम काय असतं ते थोडक्यात सांगते. उजेड स्वतः दिसत नाही. तो कशावर तरी पडला तरच दिसतो. म्हणून आम्ही आधी दिवा बघत नाही, भिंत बघतो. भिंत पिवळसर असेल तर तिच्यावर निळा प्रकाश मळकट दिसतो. भिंत गुळगुळीत असेल तर दिवा आरशासारखा लोकांच्या डोळ्यांत घुसतो. मग कोन ठरवायचा. दोन बोटं इकडे-तिकडे झाली तर भिंतीऐवजी समोरच्या घरातली झोप उजळते. आणि आमच्याकडे खारी हवा. साध्या लोखंडाचा स्क्रू दोन वर्षांत गंजून बिस्किटासारखा हातात येतो. हे सगळं कागदावर आणायचं, आणि मग दोरावर लटकून ते भिंतीवर बसवणारा माणूस शोधायचा. मला उस्मानभाई मिळाले. नालासोपाऱ्याचे, माझ्याच वयाचे, वीस वर्षं माझ्याबरोबर. विसाव्या मजल्यावर दोराला लोंबकळत ते मला फोनवरून म्हणायचे, "मॅडम, तुमचा नकाशा चुकलाय, इथे पाइप आहे." नकाशा खरंच चुकलेला असायचा.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका लग्नाच्या हॉलच्या मालकांना सगळं निळं हवं होतं. बाहेरची भिंत निळी, कमान निळी, इथपर्यंत ठीक होतं. ते म्हणाले, जेवणाचा मंडपही निळा. मी सांगून पाहिलं, "शेठ, अन्नावर निळा नको." ते म्हणाले, "मॅडम, पैसे कोण देतंय?" पहिल्याच लग्नात भात आकाशासारखा दिसू लागला आणि मटणाचा रस्सा डांबरासारखा. माणसं ताटं हातात घेऊन एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. पापड तेवढे संपले. दुसऱ्या दिवशी शेठचा फोन आला, "मॅडम, तुम्ही जरा जोरात का नाही बोललात?" तेव्हापासून मी जोरात बोलायचं ठरवलं होतं. पण एका ठिकाणी बोलायला हवं होतं तेव्हा मला स्वतःलाच काही माहीत नव्हतं. ती गोष्ट सांगायला हा लेख लिहिते आहे.

नालासोपारा पश्चिमेला, किनाऱ्यावरच्या कळंब गावाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जवळच, एकवीस मजल्यांची इमारत झाली. आसपास तेव्हा एवढं उंच काहीच नव्हतं. बिल्डरनं मला बोलावून एकच वाक्य सांगितलं, "मॅडम, समुद्रावरून दिसली पाहिजे."

मी जीव ओतला. चारही कोपऱ्यांना खालपासून वरपर्यंत उभ्या रेघा, माथ्यावर प्रकाशाचा मुकुट, आणि सगळे दिवे रंग बदलणारे. मुकुटापासून लाल रंग पाझरत खाली यायचा, त्याच्या मागून हिरवा, मग निळा, प्रत्येक कोपऱ्यावर थोडा मागेपुढे, जणू इमारतीवरून लाट उतरते आहे. उस्मानभाई आणि त्यांची माणसं सव्वा महिना दोरावर होती. पहिल्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा रस्त्यावर स्कूटर थांबवून लोकांनी फोटो काढले. पाववाल्यानं सायकल स्टँडला लावली. मी पलीकडच्या फुटपाथवर उभी राहून तासभर बघत होते. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, पप्पांनी हे बघायला हवं होतं.

त्या इमारतीनं मला पुढची तीन कामं मिळवून दिली. बिल्डर ताबा देऊन निघून गेला, सोसायटी झाली, आणि मी दुसऱ्या कामाला लागले.

पावसाळा संपून होड्या समुद्रात जायला लागल्या, त्यानंतरची गोष्ट. एका दुपारी आमच्या वाडीच्या फाटकाशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. साठीचे, काटक, पांढरा शर्ट, हातात टोपी. म्हणाले, "मी नारायण मेहेर. कळंबचा. त्या उंच बिल्डिंगला दिवे लावले ते कोन, म्हनून विचारत आलो. वॉचमननं तुमचं नाव दिलं."

मला वाटलं, त्यांच्या गावात काही काम असेल. बसा म्हटलं, पाणी दिलं. पाणी पिऊन ते शांतपणे म्हणाले, "मी भांडाया नाय आलो, मॅडम. माझी बोट खडकावर गेली, तुमच्या दिव्यांपायी. ते दिवे कोन लावतं, तेवढं बघाया आलो."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची लहान होडी, तिच्यावर ते आणि त्यांचे मेव्हणे. अंधार पडता पडता परत येताना ते दोन खुणा बघायचे. मागे विरारच्या डोंगरावरच्या देवळाचे दिवे आणि पुढे गावाजवळच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा. दोन्ही एका रेषेत आले की समजायचं, वाट मोकळी. डावीउजवीकडे पाण्याखाली खडक. आता त्या रेषेत माझी इमारत उभी होती. डोंगराचे दिवे तिच्या मागे आणि तिच्या झगमगाटात गेले. तरी ते अंदाजानं येत होते. त्या संध्याकाळी हवा धुरकट होती, इमारतीचा खालचा भाग दिसत नव्हता. अचानक समोर लाल आणि हिरवा, शेजारीशेजारी.

"मग?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. दोन्ही एकदम दिसले म्हंजे मोठी बोट सरळ आपल्या अंगावर येतेय. मी उजवीकडं वळवली. तिकडं खडक."

होडीच्या दोन फळ्या फुटल्या. मेव्हण्यांचं मनगट मोडलं. पोहणारे होते आणि दुसरी होडी जवळ होती, म्हणून वाचले.

तीस वर्षं मी लाल आणि हिरव्या दिव्यांवर पोट भरलं होतं. समुद्रावर त्या दोन रंगांचा काही अर्थ असतो, हे मला त्या दुपारी कळलं.

आणि माझी पहिली प्रतिक्रिया काय होती, तेही लिहिते. मी म्हटलं, "पण काका, हल्ली मोबाइलवर सगळं दिसतं ना? जीपीएस?"

"हाय ना," ते म्हणाले. "प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला. पानी उडत असताना एक हात सुकानूवर, एक दोरावर. मोबाइल कोन काढनार? डोळे तेवढे मोकळे असतात."

ते उठले. फाटकापाशी जाऊन थांबले आणि म्हणाले, "एकदा येऊन बघा, बाय. तिकडून कशी दिसते ती."

समुद्रावरून दिसली पाहिजे म्हणून मी ती सजवली होती, आणि समुद्रावरून ती मी कधी पाहिलीच नव्हती. आम्ही वाडीवाले. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण आमची पाठ त्याच्याकडे आणि तोंड केळींकडे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा होडीत बसले. काकांनी दुसऱ्याची होडी मागून घेतली होती. सूर्य टेकला तशी आम्ही निघालो, आणि दिवे लागायच्या वेळेला काकांनी इंजिन बंद केलं.

माझी इमारत पेटली. रस्त्यावरून ती किती डौलदार दिसायची! इथून ती इमारत नव्हतीच. हवेत लोंबणारे रंग होते. लाल झाली की चार हात पुढे आल्यासारखी वाटे, निळी झाली की मागे सरके. होडी डुलत होती, रंग पळत होते, आणि दोन मिनिटांत मला मळमळू लागलं. किनारा किती लांब आहे, ते सांगता येईना.

काका म्हणाले, "आता डोंगर दाखव."

मी शोधला. मी इथेच जन्मलेली, तो डोंगर माझ्या जन्मापासूनचा. मला तो सापडला नाही.

काकांनी इंजिन चालू करून होडी वळवली. वाळूवर उतरताना त्यांनी हात दिला आणि म्हणाले, "तुला ठाऊक नव्हतं. आता हाय."

इमारतीचे सगळे रंग एका लहान पेटीतून चालतात, तिला आम्ही कंट्रोलर म्हणतो. त्याचा पासवर्ड माझ्याकडे होता. घरी बसून, कोणाला न सांगता मी लाल आणि हिरवा काढून टाकू शकले असते. त्या रात्री लॅपटॉप उघडलाही होता. मग वाटलं, उद्या दुसरा कोणी येईल, पुन्हा रंग पळवील, आणि त्यालाही ठाऊक नसेल. मी लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीचे अध्यक्ष पाटणकर यांना फोन केला.

पाटणकर मूळचे साताऱ्याकडचे, सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले. सगळी फाइल बघितल्याशिवाय सही न करणारा माणूस. त्यांनी मला कमिटीच्या मीटिंगला बोलावलं. मी सगळं सांगितलं, माझी चूक आहे हेही सांगितलं, आणि दुरुस्ती मी माझ्या खर्चानं करीन म्हटलं.

एक सदस्य म्हणाले, "मॅडम, आम्ही फ्लॅट घेतले ते ही लायटिंग बघून. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही, रंगीत बिल्डिंग म्हटलं की पुरतं."

दुसरे म्हणाले, "पिढ्यान् पिढ्या होड्या चालवतात ना? मग आत्ताच आमचे दिवे नडले?"

पाटणकर म्हणाले, "त्या गृहस्थांना बोलवा. त्यांचं ऐकल्याशिवाय ठराव होणार नाही."

पुढच्या रविवारी संध्याकाळी नारायणकाका आले. तोच पांढरा शर्ट, या वेळी इस्त्री केलेला. सोसायटीच्या ऑफिसातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत टोकावर बसले. सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दिवे बंद करा, असं मी म्हनत नाय. तुमची हौस हाय, पैसा तुमचा हाय. फक्त त्यांना एका जागी उभं ऱ्हायाला सांगा. पळू नका म्हनावं."

कोणी तरी हसलं. पाटणकर हसले नाहीत. ते म्हणाले, "चला, गच्चीवर जाऊ."

लिफ्टनं आम्ही वर गेलो. काका आयुष्यभर त्या समुद्रावर होते, पण एकवीस मजल्यांवरून त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. ते कठड्याशी गेले. मग बोटानं दाखवू लागले. इथं एक खडक, त्याला आम्ही अमुक म्हणतो. तिथं दुसरा. ही त्यामधली वाट. पाणी सगळीकडे सारखंच दिसत होतं. काका त्याच्या खालचं सांगत होते. उजेड ओसरत होता आणि दूरवर तीनचार बारीक दिवे हळूहळू किनाऱ्याकडे सरकत होते.

"त्या होड्या?" पाटणकरांनी विचारलं.

"आमच्या गावच्या. ती शेवटची माझ्या पुतन्याची."

"किती माणसं असतात एकीवर?"

"दोन. कधी तीन."

पाटणकर ते दिवे वाळूला लागेपर्यंत तिथेच उभे होते. मग खिशातून डायरी काढून म्हणाले, "मॅडम, पंधरा दिवस प्रयोग करून बघा. मग कमिटी ठरवेल."

ते पंधरा दिवस माझ्या कामाच्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस होते. संध्याकाळी मी आणि उस्मानभाई गच्चीवर लॅपटॉप घेऊन, आणि काका होडीत. फोन स्पीकरवर.

"आता कसं दिसतंय, काका?"

"पांढरा. बाकीच्या बिल्डिंगीत मिसळला. वळखू येत नाय."

मी रंग बदलला. "आता?"

"हा मोबाइल टॉवरचा भाऊ झाला. लाल कमी कर."

"आता?"

"थांब... हां. पिकलेल्या केळ्यासारखा. हाच ठेव, बाय."

उस्मानभाई हसून म्हणाले, "मॅडम, तुमच्या वाडीचाच रंग निघाला."

शेवटी असं ठरलं. समुद्राकडच्या बाजूला मुकुट नाही, लाट नाही, लाल-हिरवा नाही. फक्त दोन कोपऱ्यांच्या दोन उभ्या रेघा, पिवळ्या, स्थिर. काकांचा शोध असा की होडी मोकळ्या वाटेवर असली की त्या दोन रेघांच्या बरोबर मधोमध मोबाइल टॉवरचा लाल दिवा दिसतो. होडी सरकली की तो एका रेघेकडे झुकतो. डोंगरापेक्षा ही खूण सोपी, असं ते म्हणाले. रस्त्याकडची बाजू रंगीत ठेवली, पण रंग पळायचे थांबवले. एक रंग संपून दुसरा यायला आता पाच मिनिटं लागत. रिक्षावाले अजूनही तिला रंगीत बिल्डिंगच म्हणतात. आणि हे मी केवळ माझी चूक झाकायला म्हणत नाही, पण ती आधीपेक्षा सुंदर दिसू लागली. आधी दिवे दिसायचे, आता इमारत दिसते.

बंदराचं काम बघणाऱ्या कार्यालयालाही मी पत्र घातलं. त्यांचे एक अधिकारी येऊन बघून गेले आणि म्हणाले, समुद्राच्या बाजूला चमकणारं, पळणारं, लाल-हिरवं काही पुन्हा लावू नका. हा स्थिर दिवा ठेवायला हरकत नाही, पण हे दीपगृह आहे असं कोणाला सांगू नका.

ते मी काकांना सांगितलं. "काका, हा शोभेचा दिवा आहे. याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका."

"आम्ही कुठल्याच एकावर भिस्त नाय ठेवत," ते म्हणाले. "वारा बघतो, पानी बघतो, दिवा बघतो. एक कमी पडला तर दुसरा."

पण माझी भिस्त वाढली होती. शोभेची पट्टी मेली तर आम्ही महिनाभर तिकडे बघत नाही. एकदा डाव्या रेघेचे खालचे आठ मजले विझले. खाऱ्या हवेनं जोड खाल्ला होता. पूर्वी मी म्हटलं असतं, बघू सवडीनं. त्या दिवशी मी काकांना फोन करून सांगितलं, डावी रेघ आज अर्धी आहे, आणि उस्मानभाई दुसऱ्याच सकाळी दोरावर चढले. पुढे त्या दोन रेघांचे रंग बदलणारे दिवे काढून आम्ही साधे, एकाच पिवळ्या रंगाचे बसवले. त्यांना कंट्रोलर नको, प्रोग्रॅम नको. बटण दाबलं की पिवळे. तीसेक वर्षांच्या अनुभवानंतर मी बटण दाबलं की लागणाऱ्या दिव्यापर्यंत येऊन पोहोचले होते.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. परतीचा पाऊस. दुपारपर्यंत ऊन होतं आणि होड्या गेलेल्या होत्या. संध्याकाळी आभाळ काळं झालं, विजा सुरू झाल्या, आणि वसईपासून विरारपर्यंत सगळीकडची वीज गेली. मी घरी मेणबत्ती लावत होते, तेवढ्यात फोन वाजला. नारायणकाकांच्या पत्नी, यशोदाकाकी.

"बाय, तुझी बिल्डिंग विझली. हे अजून पान्यात हायत."

सोसायटीला जनरेटर होता, पण त्याच्यावर फक्त लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे. माझ्या रेघा त्याच्यावर नव्हत्या. हे आधी सुचायला हवं होतं. मी पाटणकरांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला आणि मला बोलूच दिलं नाही.

"मॅडम, मी गच्चीवर आहे. उस्मानभाई पोचलेत. मीच बोलावलं त्यांना. लिफ्टच्या पॅनेलमधून तुमच्या रेघांना वायर ओढतोय. एक सांगा, लिफ्ट बंद करावी लागेल का?"

"नाही," मी म्हटलं. "नाही, साहेब. दोन इस्त्र्यांएवढीसुद्धा वीज लागत नाही त्यांना."

"मग काळजी करू नका," ते म्हणाले, आणि मागून पावसाच्या आवाजात उस्मानभाई ओरडले, "मॅडम, इस बार नक्शा बरोबर आहे!"

घरात बसवेना. छत्री घेऊन बाहेर पडले, आमच्या गावातल्या रिक्षावाल्याला हात जोडले, आणि राजोडीवरून कळंब गाठलं. सगळी वस्ती अंधारात. वाळूवर बायका उभ्या होत्या, डोक्यावर प्लास्टिक घेऊन, समुद्राकडे तोंड करून. यशोदाकाकी त्यांच्यात होत्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले. समोर काही दिसत नव्हतं. वीज चमकली की तेवढं पांढरं पाणी.

मग काकींनी माझा खांदा धरला आणि मला मागे वळवलं.

गाव काळं, रस्ते काळे, डोंगर काळा. आणि त्या काळ्यात दोन पिवळ्या रेघा, सरळ उभ्या. मोबाइल टॉवरचा लाल दिवा बॅटरीवर चालू होता, तो त्यांच्या खाली थोडा बाजूला. बाकी सगळ्या मुलखात दुसरा उजेड नव्हता.

"आता येतील," काकी म्हणाल्या.

पाऊण तासानं पहिली होडी आली. मग दुसरी. बायका पाण्यात शिरून दोर धरत होत्या, मीही साडी गुडघ्यापर्यंत घेऊन एका दोराला हात लावला, कोणाच्या होडीचा ते ठाऊक नाही. नारायणकाका चौथ्या होडीत होते. उतरले, अंगावरचं पाणी निपटलं, मला बघून थबकले.

"तू कशाला आलीस एवढ्या पावसात?"

"बघायला," मी म्हटलं.

"मग दिसली का?"

मी मान हलवली. ते म्हणाले, "आमालाबी दिसली," आणि मासळीची टोपली उचलायला गेले.

त्या संध्याकाळी कळंबच्या सगळ्या होड्या परत आल्या. दिव्यांमुळेच आल्या, असं मी म्हणणार नाही. काका तसं म्हणू देणार नाहीत. पण दिवे होते.

आठवड्याभरानं, जनरेटरची वायर नीट पक्की करून घ्यायला मी आणि उस्मानभाई सोसायटीत गेलो. लिफ्टशेजारच्या फळ्यावर, पाण्याची टाकी धुण्याच्या आणि गाड्या नीट लावण्याच्या सूचनांच्या मध्ये, एक नवी सूचना होती. पाटणकरांच्या सरकारी भाषेत, टाइप केलेली:

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, इमारतीच्या पश्चिम बाजूचे दोन पिवळे दिवे कोणत्याही कारणास्तव बंद करू नयेत, त्यांचा रंग बदलू नये, तसेच सण, समारंभ वा वाढदिवसानिमित्त त्यांवर अन्य रोषणाई करू नये. सदर दिव्यांच्या उजेडावर माणसे घरी येतात."

खाली अध्यक्षांची सही आणि शिक्का. आणि त्याच्याही खाली, सोसायटीच्या सूचनांत कधी नसतं तसं, हातानं लिहिलेलं: "याबाबत शंका असल्यास भेटावे: श्री. नारायण मेहेर, कळंब."